निळ्या बालकांना लाभलेला अवधी



नुकतेच जन्मलेले मूल रडते आणि रडता रडता गुलाबी होते, हा घरोघरचा आनंदाचा अनुभव आहे. परंतु काही थोडी बालके अशी असतात, की ती रडू लागली म्हणजे निळी पडतात. ओठ पिकल्या जांभळासारखे होतात, नखांच्या मुळाशी शाई उतरल्यासारखी दिसते आणि अंगावर पिता पिता बाळ धापा टाकीत मध्येच थांबते. आपल्या बेळगाव-निपाणीच्या टापूत एके काळी अशा घरातील जाणती बाई ‘बाळाचा रंग बरा नाही’ एवढेच बोलत असे आणि त्या चार शब्दांत सारा निकाल सांगितला जाई. मग कोणी गरोदरपणी लागलेल्या ग्रहणाची आठवण काढी, कोणी अंगारा लावी, कोणी ताईत बांधी. आमच्या ख्रिस्ती घरांत धर्मगुरूंची वाट न पाहता बाळाला घाईघाईने बाप्तिस्मा दिला जाई; कारण प्राण संकटात असता तो संस्कार कोणीही करावा, अशी चर्चची मुभा आहे. उपाय निरनिराळे होते. शेवट मात्र बहुधा एकच होता.

हा शेवट कोणी बदलला, कसा बदलला आणि तो बदल आपल्या उंबरठ्यापर्यंत पुरता पोहोचला आहे काय, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे. मी वैद्य नाही. शाळेत मुलांना शिकविणारा मास्तर आहे. परंतु ही हकीकत एकट्या वैद्यकशास्त्राची नाही. माणसाचे हात, माणसाचा हट्ट आणि माणसाने माणसाला दिलेली किंवा नाकारलेली किंमत यांचाही तो इतिहास आहे. म्हणून तो सांगण्याचे धाडस करतो.

प्रथम थोडे शरीराविषयी. हृदय म्हणजे एकमेकांस चिकटून असलेले दोन पंप होत. उजव्या बाजूस शरीरभर फिरून परतलेले, प्राणवायू संपलेले काळपट रक्त येते आणि फुप्फुस-रोहिणीच्या वाटेने फुप्फुसांत जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते लालभडक होते, डाव्या बाजूस येते आणि तेथून महारोहिणी ते सर्व शरीरास पुरविते. दोन बाजूंच्या मध्ये पडदा असतो, म्हणून काळपट व लाल रक्त एकमेकांत मिसळत नाही. गर्भात असताना मात्र फुप्फुसांना काम नसते. त्यामुळे महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांच्या दरम्यान निसर्गाने एक लहानशी जोडनळी ठेवलेली असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती आपोआप मिटते. ही जोडनळी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढील सारी कथा तिच्याभोवती फिरते.

निळ्या बालकांच्या हृदयात बहुधा चार दोष एकत्र आढळतात. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. महारोहिणी आपली जागा सोडून त्या छिद्रावर स्वार झालेली असते. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलण्याच्या श्रमाने उजवा कप्पा जाड होतो. याचा परिणाम असा, की पुरेसे रक्त फुप्फुसांत पोहोचतच नाही. काळपट रक्त छिद्रातून थेट महारोहिणीत शिरते आणि तसेच शरीरभर फिरते. बाळ निळे दिसते ते यामुळे.

या चार दोषांचे पहिले वर्णन ज्याने केले, त्याचे चरित्र मोठे विलक्षण आहे. नील्स स्टेन्सेन, ज्याला विद्वानांचे जग स्टेनो या नावाने ओळखते, १६३८ साली कोपनहेगन येथे जन्मला. हृदय हे कोणत्या गूढ उष्णतेचे आगर नसून इतर स्नायूंसारखाच एक स्नायू आहे, असे त्याने १६६४ मध्ये लिहिले. पॅरिस येथे एका मृत गर्भाचे विच्छेदन करताना त्याला हृदयाची ही विकृत रचना दिसली, आणि शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्या दशकात झाला, त्या दशकाच्या आरंभी त्याचे ते वर्णन छापले गेले. हा स्टेनो १६६७ मध्ये कॅथलिक झाला, १६७५ मध्ये धर्मगुरू व १६७७ मध्ये बिशप झाला. आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य घोषित केले. शरीर फाडून पाहणे आणि परमेश्वरावर श्रद्धा ठेवणे यांत विरोध आहे, असे मानणाऱ्यांनी हे नाव अवश्य स्मरावे. परंतु स्टेनोजवळ वर्णन होते, उपाय नव्हता.

यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ गेला. फ्रान्समधील मार्सेय शहरी आर्थर फॅलो या वैद्याने १८८८ मध्ये हे चार दोष एकत्र मांडले आणि ‘निळा आजार’ हा अनेक आजारांचा गोंधळ नसून प्रायः या एकाच रचनेचा परिणाम आहे, असे दाखवून दिले. आजही या विकृतीला त्याचेच नाव आहे. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॉड ॲबट या विदुषीने जन्मजात हृदयदोषांचा अभ्यास हे आयुष्याचे कार्य मानले. केवळ स्त्री म्हणून मॅकगिल विद्यापीठाने त्यांना वैद्यकशाखेत प्रवेश नाकारला होता. त्यांनी दुसऱ्या महाविद्यालयातून १८९४ मध्ये पदवी मिळविली आणि पुढे त्याच मॅकगिलच्या संग्रहालयात बसून काचेच्या बरण्यांतील हृदये एकेक करून तपासली. एक हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा चित्रसंग्रह १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. येथवरचा सगळा अभ्यास मृतांचा होता. ज्ञान वाढत होते, पण त्याचा जिवंत बाळाला काडीचाही उपयोग नव्हता.

त्या काळी हृदयाला चाकू लावणे निषिद्धच मानले जाई. ती भीती प्रथम बोस्टनमध्ये मोडली. रॉबर्ट ग्रॉस या तरुण शस्त्रवैद्याने २६ ऑगस्ट १९३८ रोजी सात वर्षांच्या एका मुलीची जन्मानंतर न मिटलेली जोडनळी बांधून टाकली आणि ती मुलगी बरी झाली. न मिटलेली नळी मिटविणे हा त्या मुलीचा उपाय होता. परंतु बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एक बाई नेमका उलटा विचार करीत होत्या.

त्यांचे नाव डॉ. हेलन टॉसिग. हार्वर्ड विद्यापीठ स्त्रियांना वैद्यकाची पदवी देत नसे, म्हणून त्या हॉपकिन्सला आल्या आणि १९२७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९३० पासून मुलांच्या हृदयविकाराचा बाह्यरुग्ण विभाग त्यांच्याकडे होता. त्यांना ऐकू कमी येत असे. हृदयाचे ठोके ऐकूनच ज्या रोगांची परीक्षा व्हावयाची, त्या रोगांच्या वैद्याला बहिरेपण यावे, हा दैवाचा केवढा क्रूर खेळ! परंतु बाई खचल्या नाहीत. बाळाच्या छातीवर बोटे टेकवून त्या ठोक्यांचे कंप वाचावयास शिकल्या, आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर हृदयाच्या सावल्या तासन् तास न्याहाळू लागल्या. असे निरीक्षण करता करता त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. काही निळी बालके जन्मल्यावर काही दिवस बरी दिसत आणि मग एकाएकी खालावत; ज्यांची जोडनळी उघडी राहिली, ती अधिक काळ तग धरीत. याचा अर्थ उघड होता. बाळ मरत होते ते नळी मिटल्यामुळे, कारण फुप्फुसांकडे जाणारी तीच एक चोरवाट त्याला उरलेली होती. मग शस्त्रवैद्याला नळी मिटविता येते, तर नवी नळी घालता का येऊ नये? त्यांनी हा प्रश्न प्रथम ग्रॉस यांनाच विचारला. पण ग्रॉस यांना त्यात रस वाटला नाही.

त्यानंतर १९४१ मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक हे शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणून हॉपकिन्समध्ये आले. त्यांच्यासोबत आला त्यांच्या प्रयोगशाळेतील सहायक, व्हिव्हिअन थॉमस. या थॉमसची हकीकत आपल्या देशातील श्रोत्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. तो कृष्णवर्णी, सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारकाम शिकलेला. डॉक्टर होण्यासाठी त्याने पै पै जमविली होती. ती मंदीच्या तडाख्यात बँक बुडून नाहीशी झाली. १९३० मध्ये तो नॅशव्हिल येथे ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागला. काम प्रयोगाचे, पण पगारपत्रकात हुद्दा झाडूवाल्याचा. हॉपकिन्समध्येही वर्णभेद होताच. तेथे पांढरा कोट घालून चालणारा काळा मनुष्य दिसला म्हणजे लोक थबकून पाहात.

ब्लेलॉक व थॉमस यांनी पूर्वी नॅशव्हिलमध्ये कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता. हाताकडे जाणारी रोहिणी वळवून फुप्फुस-रोहिणीला जोडली, तर फुप्फुसातील दाब वाढतो की काय, हे त्यांना पाहावयाचे होते. दाब वाढला नाही आणि प्रयोग फसला. परंतु टॉसिगबाईंचा प्रश्न समोर येताच त्या फसलेल्या प्रयोगाचे मोल कळले. हाताला रक्त पोहोचविणाऱ्या इतर लहान वाटाही असतात, त्यामुळे एक रोहिणी वळविली तरी हात निकामी होत नाही. आणि वळविलेली रोहिणी फुप्फुसांना जादा रक्त पुरविते. नवी जोडनळी हीच! थॉमसने सुमारे दोनशे कुत्र्यांवर ही जोडणी करून तिची रीत निश्चित केली. इतकेच नव्हे, तर एवढ्या बारीक नळ्या शिवण्यास योग्य अशी साधने बेतून घेतली. सुताराच्या हाताला मोजमापाची जी सवय असते, ती येथे कामास आली.

२९ नोव्हेंबर १९४४. सुमारे पंधरा महिन्यांची एक मुलगी शस्त्रक्रियेच्या मेजावर होती. तिचे वजन चार किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील धडधाकट दोन महिन्यांच्या बाळापेक्षाही कमी. ब्लेलॉक यांनी शस्त्र हाती घेतले आणि थॉमसला बोलावून आपल्या खांद्यामागे एका चौरंगावर उभे केले. कारण ही जोडणी कुत्र्यांवर शेकडो वेळा थॉमसने केली होती, स्वतः ब्लेलॉक यांनी जवळजवळ नाहीच. टाका कोठे घ्यावा, सुई कोणत्या दिशेने न्यावी, हे तो मागून सांगत होता. मुलगी मेजावरून जिवंत उतरली आणि तिची स्थिती सुधारली. परंतु पुढे काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यानंतर ती दगावली. १९४५ च्या फेब्रुवारीत आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील एक मुलगा सहा वर्षांचा होता. रोहिणीवरील चिमटा सोडताच त्याचे निळे ओठ बघता बघता गुलाबी झाले. असा क्षण वैद्यकाच्या इतिहासात फार थोड्यांना पाहावयास मिळाला असेल.

मे १९४५ मध्ये ब्लेलॉक व टॉसिग यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि देशोदेशीचे आईबाप आपली निळी मुले घेऊन बाल्टिमोरला धावले. १९४७ मध्ये ब्लेलॉक यांनी लंडनच्या गाय्ज रुग्णालयात जाऊन ही शस्त्रक्रिया करून दाखविली. शस्त्रक्रियेला ब्लेलॉक-टॉसिग असे नाव पडले. त्या निबंधात थॉमसचे नाव नव्हते. विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनंतर. तोपर्यंत त्याने ज्यांच्या हातांना वळण लावले, असे कितीतरी शस्त्रवैद्य नामांकित झाले होते. ज्या समाजात हाताने काम करणाऱ्याला ज्ञानाच्या ओसरीवर बसू दिले जात नाही, तो समाज स्वतःचेच किती नुकसान करून घेतो, हे आपल्या महाराष्ट्र-कर्नाटकात वेगळे सांगावयास नको. महात्मा फुल्यांनी आपल्याला ते फार पूर्वी सांगून ठेवले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या शस्त्रक्रियेने बाळाचे हृदय दुरुस्त झाले काय? मुळीच नाही. पडद्याचे छिद्र तसेच राहिले, अरुंद वाट तशीच राहिली, महारोहिणीही आपल्या जागी आली नाही. फक्त फुप्फुसांकडे एक बाहेरची वाट काढून दिली गेली. वैद्यकात अशा उपायाला उपशामक शस्त्रक्रिया म्हणतात. ती रोग घालवीत नाही, तर त्याचा जाच कमी करते. त्या काळी काहींनी शंका काढली आणि आजही काढणारे भेटतात, की जे बरे होणार नाही त्याच्यासाठी एवढ्याशा जिवाला चिरावे कशाला? याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाने दिले आहे.

१९४५ मध्ये ज्याला ही उसनी वाट मिळाली, ते मूल १९५४ मध्ये नऊ-दहा वर्षांचे झाले. मधल्या काळात, मे १९५३ मध्ये, जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसे यांचे काम तात्पुरते करणारे यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय यांनी तर १९५४-५५ मध्ये याहून धाडसी मार्ग धरला. मुलाच्या रक्ताभिसरणाचा भार बहुधा त्याच्या आईच्या किंवा वडिलांच्या शरीरावर सोपवून त्यांनी मुलाचे हृदय उघडले. अशा पंचेचाळीस मुलांपैकी अठ्ठावीस मुले जगून घरी गेली. आणि फॅलोच्या चारही दोषांची पुरती दुरुस्ती प्रथम ३१ ऑगस्ट १९५४ रोजी याच रीतीने झाली. ज्या मुलांना दहा वर्षांपूर्वी वाट काढून दिली होती, त्यांच्यापुढे आता खरा उपाय उभा होता. ज्यांना ती दिली नव्हती, ती मुले हा दिवस पाहावयास उरलीच नव्हती. उपशामक शस्त्रक्रियेने त्यांना अवधी दिला, आणि त्या अवधीत विद्या त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचली.

या मार्गाने आणखी उपाय निघाले. १९५२ मध्ये मुलर व डॅमन यांनी उलट दोषावर तोड काढली. फुप्फुसांत रक्ताचा लोंढा अति होत असेल, तर फुप्फुस-रोहिणीला बाहेरून फीत बांधून तो आवरावा. १९६६ मध्ये विल्यम रॅश्किंड यांनी छाती न उघडता, नीलेतून बारीक नळी हृदयात नेऊन, तिच्या टोकाचा फुगा फुगवून वरच्या कप्प्यांमधील पडद्याला वाट करून दिली. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यात प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याने नवजात बाळाची जोडनळी काही काळ उघडी ठेवता येते, असे आढळले आणि बाळाला मोठ्या रुग्णालयात नेण्याइतका वेळ मिळू लागला. १९८१ मध्ये लंडनच्या द लेव्हाल यांच्या निबंधानंतर हाताची रोहिणी वळविण्याऐवजी कृत्रिम धाग्याची इवलीशी नळी मध्ये जोडण्याची रीत रूढ झाली. आज फॅलोच्या दोषांची पुरती दुरुस्ती पुष्कळदा पहिल्या वर्षातच होते. तरीही ज्यांच्या रोहिण्या फारच बारीक आहेत, अशा बालकांना आधी ही वाटच करून द्यावी लागते. ज्यांच्या हृदयात खालचा एकच कप्पा कामाचा असतो, त्यांच्या बाबतीत तर टप्प्याटप्प्याने केलेल्या साऱ्याच शस्त्रक्रिया उपशामक असतात. आणि तरीही अशी कितीतरी मुले शाळेत जातात, मोठी होतात.

आपल्या देशात ही विद्या कशी आली? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रीव्ह बेट्स या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९४९ च्या सुमारास छातीच्या शस्त्रक्रियांचा विभाग उभारला. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० नंतरच्या दशकात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. सेन जन्माने बंगाली, परंतु शिक्षणाने व कर्माने मुंबईकर. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचेच ते विद्यार्थी. त्यांच्या हाताखाली डॉ. परुळकरांसारखी मंडळी तयार झाली. १९६१-६२ च्या सुमारास मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. दस्तूर यांनी आणि वेल्लोर येथे डॉ. गोपीनाथ यांनी यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून शस्त्रक्रिया केल्या. डॉ. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे केप टाउनच्या पहिल्या प्रयोगानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला; पण आशिया खंडातील तो पहिला प्रयत्न होता, आणि तो गोरगरिबांसाठी चालविलेल्या महापालिकेच्या रुग्णालयात झाला होता. वर्तमानपत्रांनी हृदयारोपण लक्षात ठेवले. परंतु यंत्रे महाग व दुर्मीळ असण्याच्या त्या काळात लहान मुलांना तारून नेणारा उपाय म्हणजे हृदय न उघडता बाहेरून काढून दिलेली ही वाटच होती, हे विसरता कामा नये.

आणि आमचा सीमाभाग? येथील रोग्याला मिरजेची वाट पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कृष्णेच्या दोन्ही अंगांचे लोक गाडीने, बैलगाडीने, प्रसंगी झोळीतून तेथे जात आले. बेळगावात के. एल. ई. संस्था १९१६ मध्ये निघाली आणि तिचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. आज बेळगाव व कोल्हापूर या दोन्ही शहरांत हृदयावर शस्त्रक्रिया होतात. तरीही अगदी चार-सहा दिवसांच्या बाळाचा दोष अवघड असेल, तर अनेकदा पुणे, मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते. बेळगावाहून मुंबई आणि बंगळूर ही दोन्ही शहरे सुमारे पाचशे किलोमीटरवर आहेत. निळ्या बाळाला घेऊन निघालेल्या आईला हे पाचशे किलोमीटर किती लांब वाटत असतील, याची कल्पना नकाशावरून येत नाही.

अंतरापेक्षाही कठीण असते ती कागदांची वाट. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या बाईला कर्नाटकाची योजना कोणती, महाराष्ट्राची कोणती, कोणते कार्ड कोणत्या रुग्णालयात चालते, हे कोण सांगणार? कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी २००३ मध्ये यशस्विनी योजना आली. केंद्राचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, आणि अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी करून जन्मजात दोषाच्या मुलाला पुढे पाठविणे हे त्याचे कामच आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले यांच्या नावाची आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, आणि त्यावरून दोन राज्यांत शब्दाला शब्द वाढला. सीमेचा प्रश्न १९५६ पासूनचा आहे. त्याविषयी ज्याची त्याची मते असतील, माझीही आहेत. परंतु बाळाचे ओठ मराठीत निळे पडत नाहीत की कन्नडमध्ये. जोडनळी मिटण्यास चार दिवस लागतात. खटल्याच्या तारखेची ती वाट पाहात नाही. ज्या सरकारचा कागद त्या बाळाला आधी मेजापर्यंत नेईल, तो त्या घराला सारखाच पूज्य.

दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालके हृदयाचा काही ना काही दोष घेऊन येतात. सगळेच दोष निळे नसतात आणि सगळेच प्राणघातकही नसतात. परंतु यांतील काही बालकांना पहिल्या वर्षातच उपाय लागतो. यात ग्रहणाचा काही संबंध नाही, आणि आईचा तर काहीच अपराध नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही. काही कारणे मात्र कळली आहेत. गरोदरपणाच्या आरंभी आईला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला तर बाळाचे डोळे व हृदय बिघडू शकते. त्याची पहिली जाणीव ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये करून दिली. या रोगावर लस आहे. गोवर-रुबेला लसीची मोहीम कर्नाटकात व गोव्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. गरोदरपणी मधुमेह ताब्यात नसणे हेही एक कारण आहे. आपल्या भागात मामाच्या मुलीशी व सख्ख्या भाचीशी लग्न करण्याची चाल आहे. जवळच्या नात्यातील अशा विवाहांचा जन्मजात हृदयदोषांशी संबंध असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. चालीरीतींविषयी बोलणे नाजूक असते. पण मास्तराने तरी ते टाळू नये.

माझ्या शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती आहे. मैदानावर धावता धावता एखादे मूल मध्येच थांबते आणि उकिडवे बसते. दम परतला की पुन्हा उठते. आपण त्याला आळशी म्हणतो. परंतु फॅलोच्या दोषाची ही जुनी, प्रसिद्ध खूण आहे. उकिडवे बसल्याने पायांकडील रोहिण्यांत अडथळा वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळते. हा उपाय त्या मुलाला कोणी शिकविलेला नसतो, त्याच्या शरीरानेच तो शोधलेला असतो. अशा मुलाची नखे व ओठ पाहा आणि पालकांना बोलावून घ्या. प्रसूतिगृहातील मंडळींनाही एवढेच सांगणे, की बाळाच्या हाताला व पायाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र आता दुर्मीळ राहिलेले नाही. घरी सोडण्यापूर्वीची ती दोन मिनिटे वाया जात नाहीत.

आणखी एक इशारा. पहिली शस्त्रक्रिया झाली, बाळ गुलाबी झाले, खेळू लागले, की घरच्यांना वाटते काम संपले. कर्ज झालेले असते, मजुरी बुडालेली असते, दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख मागे पडते. परंतु ती वाट उसनी आहे. मूल वाढते, शिवलेली नळी मात्र वाढत नाही. काही काळाने ती अपुरी पडते किंवा बुजते. मिळालेला अवधी हा पुढच्या उपायासाठी मिळालेला असतो. तो गप्प बसून घालविला, तर मुलाने सोसलेले पहिले दुःखही फुकट जाते. हे त्या आईबापांना रागावून सांगावयाचे नाही. त्यांच्या सोबतीला जाऊन, गाडीभाड्याची सोय करून, सांगावयाचे आहे. पॅरिश असो, मशिदीची जमात असो, तरुण मंडळ असो की महिला बचत गट, हे काम कोणालाही करता येण्यासारखे आहे.

स्टेनोला दोष दिसला, पण त्याच्या हाती काही नव्हते. ॲबटबाईंनी हजार हृदये मोजली, पण एकही चालू करता आले नाही. टॉसिगबाईंना कान नव्हते, थॉमसला पदवी नव्हती आणि ब्लेलॉक यांच्या पहिल्या रुग्णाला दीर्घायुष्य लाभले नाही. तरीही त्यांपैकी कोणी ‘पुरते बरे करता येत नाही, तर काहीच करू नये’ असे म्हणाले नाही. जेवढे करता येते तेवढे आज करावे आणि उरलेले उद्यावर सोपवावे, परंतु तो उद्या बाळाला दिसेल अशी तजवीज करावी, एवढाच या इतिहासाचा बोध आहे. पुढील पिढ्यांनी शोध लावले, त्यांची रुग्णालये उभी राहिली, योजनाही आल्या. आता उरले आहे ते एवढेच, की निपाणीच्या गल्लीत किंवा खानापूरच्या रानातील वाडीवर जन्मलेल्या बाळाचा रंग बरा नाही असे कोणी म्हणाले, तर त्या चार शब्दांनंतर पाचवा शब्द ‘चला’ असा असावा.